डागडुजीतून वाढलेली काठी

पावणे गाव आज ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांना खेटून उभं आहे. पूर्वेला पारसिकचे डोंगर. पश्चिमेला हमरस्ता, रेल्वे, कोपरखैरणे-वाशीच्या इमारती आणि त्यांच्याही पलीकडे ठाण्याची खाडी. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, १९७० साली सिडको आली, १९७३ साली वाशीला खाडीवरचा पहिला पूल झाला. त्याआधी या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांचं पोट खाजणातल्या भातावर, मिठागरांवर आणि खाडीच्या मासळीवर भरत असे.

मासळी धरायची मुख्य साधनं म्हणजे जाळी. ओहोटीच्या ओढीत लावायचं डोल, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फेकायचा पाग, शिवाय बिळातली चिंबोरी ओढून काढायची लोखंडी आकडी. गळाला या सगळ्यांत मान कमीच. जाळ्याने घर चालतं, गळाने एका वेळच्या कालवणाची सोय होते. पण जाळ्याला होडी लागते, माणसं लागतात, भांडवल लागतं. गळाला एक काठी, एक दोरी, एक आकडा आणि भरतीची वेळ ठाऊक असलेला माणूस पुरतो. म्हणून पोरं मासेमारी गळापासून शिकत, आणि जाळं ओढायची ताकद गेलेले म्हातारे पुन्हा गळाकडे येत.

आज वाशीच्या सागर विहारच्या कठड्याशी किंवा खाडीकडच्या बांधांवर दोन तऱ्हेच्या काठ्या शेजारी शेजारी दिसतात. एक दुकानातली: काळी, चकचकीत, कार्बनची, रीळ लावलेली. दुसरी घरची: बांबूची, सेफ्टी पिनच्या कड्या दोऱ्याने बांधलेली, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. बघणाऱ्याला वाटतं, पहिली खरी आणि दुसरी तिची गरीब नक्कल. या दोघींचा मागोवा घेतला की नातं वेगळंच निघतं. दुकानातल्या काठीवरचा जवळजवळ प्रत्येक भाग कधी ना कधी कुणाच्या तरी हाताने, घरच्या सामानातून, अडलेलं काम निभावण्यासाठी केलेला आहे.

वाळवलेली, शेकलेली, सरळ केलेली

आकडा काठीपेक्षा जुना. लोथल आणि मोहेंजोदडोच्या उत्खननांत तांब्याचे गळ सापडले आहेत, काहींना मासा सुटू नये म्हणून उलटा काटाही आहे. काठी लाकडाची, ती मातीत टिकत नाही. तिचा जुना पुरावा चित्रांत मिळतो. इजिप्तमध्ये बेनी हसन इथल्या थडग्यांच्या भिंतींवर, सुमारे चार हजार वर्षांपूर्वी रंगवलेला, काठीने मासे धरणारा माणूस आहे.

आपल्याकडे या विद्येला थेट राजदरबारात जागा मिळाली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातलं. राजाच्या करमणुकींमध्ये त्यात ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कुणाला कोणतं खाद्य घालून एका जागी जमवायचं आणि मग गळाने कसं धरायचं, हे सारं तिथे व्यवस्थेने मांडलं आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५० च्या सुमारास या प्रकरणाचा अभ्यास करून ते मत्स्यविज्ञानाच्या नजरेस आणलं. दख्खनमध्ये नऊशे वर्षांपूर्वी गळ हा निरीक्षणाचा विषय होता, एवढं त्यावरून पक्कं होतं.

काठी घडवण्याची तपशीलवार लेखी कृती मात्र इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका छोट्या प्रबंधात भेटते. काठी हिवाळ्यात तोडा, भट्टीत शेकून सरळ करा, मग घराच्या आढ्याला धुरात टांगून पूर्ण वाळवा, असं तो सांगतो. आकडा विकत आणायची सोय नव्हती, म्हणून शिवणाची सुई लाल तापवायची, सुरीने काटा उचलायचा, वाकवायची आणि पुन्हा पाणी द्यायचं. पुढे सतराव्या शतकात लंडनचा चार्ल्स कर्बी हा सुया करणाराच गळ करण्यात नावाजला, आणि इंग्लंडचं रेडिच हे सुयांचं गाव गळांचंही गाव झालं. कारखान्यातला आकडा घरातल्या सुईच्या पोटी जन्माला आला.

ही कृती कोकण-ठाण्याच्या माणसाला परकी वाटणार नाही. बांबू पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडायचा, कारण पावसाळ्यात कोवळ्या कोंबांची वाढ चालू असते आणि जून बांबूतलं पाणी व पिष्ट तोडीच्या वेळेवर अवलंबून राहतं. पिष्ट जास्त असलेला बांबू भुंगा पोखरतो. तोडल्यावर सावलीत, बुडखा वर ठेवून किंवा आडवा टांगून महिनोन्‌महिने वाळवायचा. चुलीवरच्या माळ्यावर टांगला तर धुराने किडीचीही भीती कमी. मग जिथे वाक असेल तिथे विस्तवावर फिरवत शेकायचा, तेलकट ओल वर येऊन चमकायला लागली की गुडघ्यावर दाबून सरळ करायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. उष्णतेने बांबूतले तंतू धरून ठेवणारं द्रव्य मऊ होतं, थंड होताना नव्या आकारात घट्ट बसतं. गार व्हायच्या आधी सोडला तर तो पुन्हा मूळ वाकावर जातो.

कोणता बांबू, हेही महत्त्वाचं. पोकळ कळकाची काठी हलकी पण पेरात चिरते. ठाणे-रायगडातली मानवेल आणि दक्षिण कोकणातला माणगा यांचा बांबू भरीव असतो, म्हणून तो वाकतो पण फुटत नाही. कोणताही घेतला तरी वरची साल तासायची नाही. बांबूचे बळकट तंतू सर्वांत दाट असतात ते सालीच्या आतल्या बाजूला. गुळगुळीत दिसावी म्हणून साल खरवडली की काठीचा जीवच निघून जातो.

कडी, रीळ आणि बाटली

सुरुवातीच्या काठीला दोरी शेंड्यालाच बांधलेली असे. मोठा मासा लागला की दोरी सैल सोडायची सोय नाही. मग काठी पाण्यात फेकून द्यायची आणि मासा दमल्यावर ती शोधायची, हा एकच उपाय. चीनमध्ये हा पेच लवकर सुटला. चित्रकार मा युआनच्या सुमारे ११९५ सालच्या चित्रात थंडीच्या तळ्यावर होडीत बसलेल्या माणसाच्या काठीला रीळ आहे, आणि ते रिळाच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक मानलं जातं. युरोपात सतराव्या शतकात कुणीतरी काठीच्या टोकाला तारेची एक कडी बांधली आणि दोरी तिच्यातून ओवली. तारेच्या त्या एका वेढ्याने मासेमारी बदलली, कारण आता दोरी काठीपेक्षा लांब असू शकत होती. मग साठवायला खालच्या बाजूला गुंडाळी आली. आयझॅक वॉल्टनचं मासेमारीवरचं १६५३ सालचं प्रसिद्ध पुस्तक आलं तेव्हा ही मांडणी रुळू लागली होती.

गुंडाळीवरून दोरी सुटताना गुंडाळी फिरते. हलकं आमिष लांब फेकताना हे फिरणं आड येतं: ती उशिरा फिरू लागते आणि उशिरा थांबते, दोरीचा गुंता होतो. यावर १९०५ साली इंग्लंडच्या ब्रॅडफर्डमधल्या अल्फ्रेड इलिंगवर्थ या कापडउद्योगातल्या माणसाने तोडगा काढला. गुंडाळी स्थिर ठेवायची, आणि दोरी तिच्या टोकावरून निसटू द्यायची. परळ-लालबागच्या गिरण्यांत ज्यांनी साचे चालवले त्यांना हे लगेच कळेल, कारण धोट्यातल्या कांडीवरून सूत असंच टोकाकडून सुटतं. कांडी फिरत नाही, सूत मात्र झरझर निघतं. आज जगभर विकलं जाणारं बहुतेक साधं रीळ याच युक्तीवर चालतं.

आता बांधावरच्या पोराच्या हातातली बाटली बघा. थंड पेयाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर नायलॉनची दोरी गुंडाळलेली, टोकाला नट आणि आकडा. एका हाताने बाटलीची मान धरून तिचा बुडखा पाण्याकडे करायचा, दुसऱ्या हाताने आकडा गरगरा फिरवून सोडायचा. दोरी बुडख्यावरून वेढ्यावेढ्याने सुटत जाते. काठीसुद्धा लागत नाही. इलिंगवर्थने पेटंट घेतलेलं तत्त्व इथे फुकटात, पूर्ण शुद्ध रूपात काम करतं. फक्त बाटली सरळ बाजूंची घ्यायची. कंबर बारीक असलेल्या बाटलीवर वेढे खाचेत बसून अडतात. आणि बुडख्याची कड खरखरीत असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यायची, नाहीतर दोरी तिथेच झिजते.

चिरलेला बांबू, तुटलेला शेंडा

एकोणिसाव्या शतकात इंग्रज-अमेरिकी काठ्या लाकडाच्या, जड होत्या. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिपी नावाचा बंदुका आणि व्हायोलिन करणारा कारागीर होता. त्याने १८४० च्या दशकात बांबूच्या त्रिकोणी पट्ट्या काढून, साल बाहेर राहील अशा चिकटवून भरीव काठी केली. सालीजवळचा दाट तंतूच तेवढा ठेवायचा आणि आतला भुसभुशीत गर टाकायचा, हे त्याचं गमक. पुढे काठ्या करणाऱ्या हायरम लिओनार्डने पट्ट्या कापायचं यंत्र केलं आणि अशा काठ्या दुकानांत आल्या. त्यांतला बांबू सुरुवातीला आपल्याकडचा होता. तो कलकत्त्याहून जहाजांवर चढे, म्हणून व्यापारात त्याचं नाव ‘कलकत्ता केन’ पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण चीनच्या टॉनकिन बांबूने त्याला मागे सारलं.

इंग्रज अधिकारी हिंदुस्थानात आले ते असल्या काठ्या घेऊन. मद्रास सनदी सेवेतल्या हेन्री सुलिव्हन थॉमसचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ साली निघालं. महसीर माशाची ख्याती त्याने विलायतेत पोचवली, आणि तळ्यातल्या मासेमारीवरही त्याने वेगळं पुस्तक लिहिलं. खाडीच्या पलीकडच्या तीरावर, पवईला १८९१ साली बांधून झालेल्या तलावावर हा छंद रुजला. १९३० च्या दशकात तिथे बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन उभी राहिली, तीच आजची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. इकडे आगरी पोराचा बांबू आणि तिकडे सभासदाची चिरलेल्या बांबूची विलायती काठी, मध्ये खाडी.

मग आलं दुसरं महायुद्ध. अमेरिकेतले आर्थर हॉवल्ड हे रेझिनवर काम करणारे रसायनतज्ज्ञ. त्यांच्या बांबूच्या काठीचा शेंडा मासे धरायला गेले असताना तुटला. युद्धामुळे चांगला बांबू मिळेना. म्हणून त्यांनी काचेचे तंतू रेझिनमध्ये भिजवून नवा शेंडा घरीच केला. तो जुन्यापेक्षा सरस निघाला. त्यातून युद्धानंतर शेक्सपियर कंपनीची ‘वंडररॉड’ बाजारात आली. १९५० च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, टॉनकिन बांबू अडला आणि फायबरग्लासला मैदान मोकळं मिळालं. साठच्या दशकात इंग्लंडच्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात ताकदीचा कार्बन तंतू तयार झाला, आणि १९७३ साली फेन्विक कंपनीने कार्बनची काठी विकायला काढली. सागर विहारवरच्या त्या काळ्या काठीची आई एका मोडक्या शेंड्यावरची डागडुजी आहे.

दोरीचंही तसंच. आपल्याकडे ती तागाची किंवा सुताची असे, आणि कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळत. १९३८ साली ड्यू पाँटने नायलॉन जाहीर केलं, आणि काही दशकांत काढा, साल आणि ती उकळायची मोठी भांडी सगळं मागे पडलं.

काठी वाचायची कशी

काठी माशाला उचलण्यासाठी असते हा गैरसमज. लांब काठी ही उलटी तरफ आहे. मासा शेंड्याशी ओढतो तेव्हा मुठीवरचा भार कित्येक पट होतो. काठीचं खरं काम वाकण्याचं. मासा झटका देतो तेव्हा ती वाकून तो सोसते, म्हणून बारीक दोरी तुटत नाही. त्यामुळे विकत घेताना किंवा बांबू निवडताना बघायचं ते ती कुठे वाकते. फक्त शेंड्याशी वाकणारी काठी माशाचा बारीक ठोका हाताला कळवते आणि आकडा चटकन रुतवते. मुठीपर्यंत वाकणारी मऊ काठी बारीक तोंडाच्या काळुंदराला आणि गावतळ्यातल्या तिलापियाला बरी, कारण तिच्या ओढीने ओठ फाटत नाही. जिताड्यासाठी काठीच्या कण्यात ताकद हवी, आणि आकड्याजवळ जाड दोरी किंवा तार, कारण त्याच्या कल्ल्याची कड धारेची असते. शिंगाळ्याचा काटा विषारी. तो पकडीने धरूनच सोडवायचा.

आता कडी बांधायची घरची रीत. चांगल्या स्टीलची मोठी सेफ्टी पिन घ्यायची, कारण खाऱ्या पाण्यात साधी पिन गंजते. तिचा गोल वळसा ठेवून दोन्ही पाय बोटाच्या पेराएवढे कापायचे, बाहेर वाकवायचे आणि टोकं कानशीने चपटी करायची, म्हणजे दोरा त्यांच्यावर सहज चढतो. पाय काठीवर बसवून शिवणाच्या जाड दोऱ्याचं टोक काठीलगत ठेवायचं आणि त्याच्यावरूनच चार-पाच वेढे घ्यायचे. टोक आपोआप दबून बसतं. वेढे एकमेकांना चिकटून, पण एकावर एक चढू द्यायचे नाहीत. शेवटचे सहा-सात वेढे उरले की दुसऱ्या दोऱ्याचा दुमडलेला फास काठीवर ठेवायचा, त्याचं डोकं पुढच्या बाजूला, आणि त्याच्यावरून उरलेले वेढे पुरे करायचे. मग दोरा कापून टोक फासात ओवायचं आणि फास मागून ओढून घ्यायचा. टोक वेढ्यांच्या पोटात जातं, गाठ कुठेच राहत नाही. वरून व्हार्निश किंवा नखाच्या रंगाचे दोन पातळ हात. कारखान्यातल्या महागड्या काठीवरही कडी याच वेढ्यांनी धरलेली असते, फक्त वर इपॉक्सीचा थर.

कड्या किती लावायच्या, हे काठीच सांगते. दोरी ओवून शेंडा वाकवायचा. जिथे दोरी काठीला टेकते किंवा वाक सोडून सरळ आडवी जाते, तिथे एक कडी कमी आहे. कडीच्या आत बारीक तडा गेला की दोरी विनाकारण तुटू लागते. तो डोळ्याला दिसत नाही. कापसाचा बोळा आतून फिरवायचा, तंतू अडकले की तडा सापडला. शेंड्याची कडी बसवायला पक्का डिंक नको. ग्लू गनची कांडी वितळवून लावायची, म्हणजे पुढे बदलताना लायटरची ऊब दिली की ती सुटते. दोन तुकड्यांची काठी सांध्यात सैल झाली तर मेणबत्ती घासायची. अडकली तर आतल्या बाजूचा तुकडा बर्फाने गार करून सरळ ओढायची, पिळायची नाही.

वजनाला शिसं नको, ते पाण्याला आणि पक्ष्यांना विष. औद्योगिक पट्ट्यात लोखंडी नटाला तोटा नाही. तो मुख्य दोरीपेक्षा कच्च्या दोऱ्याने बांधायचा. दगडात अडकला तर नटच जातो, बाकी सारं परत येतं. आणि एक ताकीद: कार्बनमधून वीज वाहते, ओला बांबूही सुरक्षित नाही. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे काठी उभी करायची नाही.

हाती आलेलं पुढे द्यायचं

या वंशावळीत पावण्यासारख्या गावाची जागा कुठे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. खाजणं गेली, शेती गेली, खाडी इमारतींच्या मागे गेली, कारखान्यांच्या आणि शहराच्या सांडपाण्याने तिचं पाणी खराब झालं. काठी मात्र हातात राहिली, आणि जे नवं आलं त्यातूनच ती पुन्हा जोडली गेली: कारखान्याचा नट, सायकलची ट्यूब, पेयाची बाटली. हाच गुण सुई तापवणाऱ्यात आणि काचेचा शेंडा करणाऱ्या रसायनतज्ज्ञात होता. तो इथल्या पोरांना शिकवायला हवा, आणि काठी विकत देण्याआधी शिकवायला हवा. वेढा बांधता येणारं पोर मोडलेली वस्तू फेकत नाही.

त्याच शिकवणीत एक गोष्ट नव्याने घालावी लागेल. सुताची तुटकी दोरी कुजून जाई, नायलॉनची वर्षानुवर्षं तशीच राहते आणि पक्ष्यांच्या पायांत गुंतते. ठाण्याच्या खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, २०२२ साली ही खाडी रामसर यादीत आली. म्हणून तुटलेली प्रत्येक वीतभर दोरी खिशात घालून घरी आणायची. तीही डागडुजीच आहे, फक्त काठीऐवजी खाडीची. आपल्या हातातलं हे काम आपण केलं, तर सांडपाणी सोडणाऱ्यांकडे खाडीचा हिशेब मागताना आपला आवाज कच्चा पडणार नाही.